कामगार किती हे विचारता, तर पुढचेही सांगा : कामगार आणि कर खात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
मा. राज्यकर आयुक्त, वस्तू व सेवा कर विभाग, महाराष्ट्र,
तसेच कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळ यांचे महाराष्ट्रातील प्रादेशिक अधिकारी यांस,

विषय : उद्योगाची नोंदणी होतानाच वेतन, कपात आणि भरणा यांविषयीच्या जबाबदाऱ्या कामगारसंख्येनुसार व मराठीतून कळवण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी कोल्हापूर जिल्ह्यात कांदा-लसूण चटणी आणि मसाले तयार करण्याचा लहान कारखाना चालवते. २०१९ मध्ये घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार बायकांना हाताशी घेऊन हे काम सुरू केले. आज वर्षभर चौदा-पंधरा जण कामावर असतात आणि मार्च ते मे या चटणीच्या हंगामात मिरची निवडायला, देठ खुडायला, कांडपावर आणि पॅकिंगला माणसे वाढवावी लागतात, तेव्हा ही संख्या वीस-बावीसपर्यंत जाते. कोणतीही सूट, माफी किंवा मुदतवाढ मागण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, हे आधीच स्पष्ट करते. माझ्याकडे राबणाऱ्या बाईला म्हातारपणी पेन्शन मिळावे, आजारपणात दवाखाना मिळावा, आणि त्यासाठी माझ्याही खिशातून काही जावे, हे मला पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही जबाबदारी कोणत्या दिवशी माझ्यावर येऊन पडली, हे मला ती पडल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी कळले. आणि ते वेळेवर कळवणे तुम्हाला सहज शक्य होते.

शक्य होते असे का म्हणते, ते सांगते. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारची छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सुरू झाली आणि त्याच वर्षी मी ती केली. शुल्क नाही, कागद जोडायचे नाहीत, पाच-दहा मिनिटांत प्रमाणपत्र हातात. सरकारी कामाचा एवढा सुखद अनुभव मला त्याआधी आला नव्हता. त्या अर्जात एक रकाना होता : आपल्याकडे किती व्यक्ती काम करतात, पुरुष किती, स्त्रिया किती. मी सहा लिहिले. शॉप ॲक्टखाली दुकान-आस्थापनेची ऑनलाइन सूचना दिली, तिथेही कामगारसंख्या विचारली आणि तिथेही मी सहा लिहिले. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मुभा दिली होती, म्हणून तेही काम घरबसल्या झाले. म्हणजे माझ्याकडे सहा माणसे आहेत हे केंद्राला आणि राज्याला दोघांनाही ठाऊक होते. त्या सहावर आज कोणते कायदे लागू आहेत, दहावा माणूस आला की कोणते लागू होतील आणि विसावा आला की काय होईल, याची एक ओळही त्या दोन्ही प्रमाणपत्रांवर नव्हती.

सहा या आकड्यालाच किती गोष्टी चिकटलेल्या होत्या ते पाहा. व्यवसाय कराच्या १९७५ च्या कायद्यानुसार मालक म्हणून माझे स्वतःचे नावनोंदणी प्रमाणपत्र हवे होते आणि त्यापोटी वर्षाला २,५०० रुपये भरायला हवे होते. शिवाय करपात्र पगार घेणारा एक जरी कामगार असला, तरी त्याचा कर कापून भरण्यासाठी वेगळे नोंदणी प्रमाणपत्र हवे होते. एक स्वतःसाठी, एक कामगारांसाठी, दोन्हींचे क्रमांक निराळे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या धंदेवाल्यांचा समज असा आहे की पहिले काढले की दुसऱ्याची गरज नाही. पाच किंवा अधिक कामगार असले की महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची वर्गणी सुरू होते, जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. २०२४ पासून ती कामगाराची २५ रुपये आणि मालकाची ७५ रुपये आहे आणि ती अनुक्रमे १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत भरायची असते. रक्कम एवढी किरकोळ की ती न भरल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या तर पहिली तीन वर्षे आले नाही.

दहाव्या माणसाचे मला योगायोगाने कळले. २०२२ मध्ये शेजारच्या वर्कशॉपमधल्या एका मुलाचा हात यंत्रात सापडला आणि त्याचे उपचार व रजेच्या काळातले पैसे कर्मचारी राज्य विमा योजनेतून मिळाल्याचे ऐकून मी चौकशी केली, तेव्हा समजले की दहा कामगार झाले की ही योजना मलाही लागू आहे. आमच्याकडे तेव्हा अकरा जण होते. नोंदणी केली. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचा पाऊण टक्का कामगाराकडून आणि सव्वातीन टक्के मालकाकडून जातो, हे दर जुलै २०१९ पासूनचे आहेत. त्या बदल्यात कामगाराला आणि घरच्यांना औषधोपचार, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, बाळंतपणात २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन मिळू शकते. इतके स्वस्त संरक्षण बाजारात कुठलीही विमा कंपनी देणार नाही. मला ते कळायला शेजारच्या पोराचा अपघात व्हावा लागला.

विसाव्या माणसाची गोष्ट महागात पडली. एप्रिल २०२४ मध्ये हंगाम जोरात होता. नेहमीच्या चौदा जणांखेरीज चार हंगामी बायका होत्या आणि मिरचीची पोती उतरवायला एका मुकादमाकडून आलेले दोन हमाल होते, त्यांची मजुरी मुकादमाच्या बिलात जात असे. हमाल आपल्या मस्टरवर नाहीत म्हणून ते आपले नाहीत, अशी माझी समजूत. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यात मात्र कंत्राटदाराकडून आलेला माणूसही मोजला जातो. वीस पूर्ण झाले आणि कायदा लागू झाला. जूनमध्ये पुन्हा चौदाच जण उरले, तरी तो लागूच राहिला, कारण एकदा लागू झालेला हा कायदा संख्या घटल्यामुळे सुटत नाही. यातले काहीही मला माहीत नव्हते. डिसेंबरमध्ये एका मोठ्या खरेदीदाराने माल घेण्यापूर्वी भरून मागितलेल्या अर्जात भविष्य निधीचा क्रमांक विचारला, आणि त्या एका रकान्यापायी मी पहिल्यांदा जाणकाराकडे जाऊन बसले.

एप्रिल ते नोव्हेंबर अशी आठ महिन्यांची थकबाकी निघाली. इथे एक नियम असा आहे जो प्रत्येक छोट्या मालकाने कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावा : ज्या महिन्याचा कामगाराचा वाटा त्या महिन्याच्या पगारातून कापला नाही, तो नंतरच्या पगारातून वसूल करता येत नाही. तो मालकाने स्वतःच्या पदरचा भरायचा. म्हणजे माझा वाटा आणि त्यांचाही वाटा, त्यावर वर्षाला १२ टक्के दराने व्याज, वर विलंबाची नुकसानभरपाई. सगळे मिळून चार लाखांच्या आसपास गेले. ते पैसे मी दुसरे कांडप यंत्र घेण्यासाठी बाजूला ठेवले होते. पैसे भरण्याला माझी हरकत नव्हती आणि नाही; ज्यांच्या नावे ते जमा झाले, त्यांच्या हक्काचेच ते होते. पण एप्रिलमध्ये कळले असते तर मी निम्मेच भरले असते आणि हंगामाच्या दरात ते धरूनच माल विकला असता.

हे सगळे ऐकून कुणीही म्हणेल की बाई, कायद्याचे अज्ञान हा बचाव नव्हे. खरे आहे. पण अज्ञान सगळ्यांचे सारखे नसते, हेही तुम्ही पाहावे. फेब्रुवारी २०२० पासून नवी कंपनी स्थापन करणाऱ्याला केंद्राच्या एकाच अर्जात भविष्य निधी, राज्य विमा आणि महाराष्ट्रात व्यवसाय करसुद्धा, असे सगळे क्रमांक मिळून जातात. कंपनी काढणाऱ्याकडे बहुधा सीए असतो, कंपनी सेक्रेटरी असतो. माझ्यासारखी एकल मालकी, किंवा दोन भावांची भागीदारी, यांना मात्र प्रत्येक दारात वेगळे जावे लागते आणि त्याआधी ते दार कुठे आहे हे शोधावे लागते. ज्याला सांगणारे आधीच घरात आहेत त्याला सरकारही सांगते, आणि ज्याला सांगणारे कोणी नाही त्याला नोटिशीतून कळते, हा क्रम उलटा आहे.

आता आणखी एक चूक कबूल करते, कारण तिच्यात नुकसान माझे नव्हते. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात महिलांसाठी व्यवसाय करातून सूट असलेल्या पगाराची मर्यादा महिना १०,००० रुपयांवरून २५,००० रुपयांवर नेण्यात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. माझ्याकडे त्या वेळी दहा हजारांच्या वर पगार असलेल्या नऊ बायका होत्या. पगारपत्रक जुन्या एक्सेलच्या फाईलवर निघत होते आणि तीत दोनशेचा आकडा आपोआप येत होता. एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने मी त्यांच्याकडून दोनशे रुपये कापत राहिले. दिवाळीच्या तोंडावर त्यातल्या एकीच्या मुलीने, जी दुसऱ्या ठिकाणी नोकरी करते, आईची पगाराची चिठ्ठी पाहून विचारले की हे अजून का कापतात. नऊ जणींचे प्रत्येकी १,४०० असे १२,६०० रुपये मी माझ्याकडून परत केले. कर भरण्याची तारीख जवळ आली की त्याच खात्याचे संदेश माझ्या मोबाइलवर येतात. मर्यादा बदलली तेव्हा तसा एखादा संदेश आला असता, तर ज्यांच्यासाठी सवलत दिली त्यांच्यापर्यंत ती सात महिने आधी पोहोचली असती. सवलतीची बातमी मालकामार्फत कामगाराकडे जायची असते, आणि मालकालाच ती कुठून तरी कानावर येते.

याच कराविषयी दर वर्षी मार्चच्या पगाराला माझ्याकडच्या पुरुष कामगारांचा एक ठरलेला प्रश्न असतो : गेल्या महिन्यात तीनशे का कापले? उत्तर सोपे आहे. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला एका व्यक्तीमागे वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे मिळून ती रक्कम नेमकी पुरी होते. हे सांगितले की माणूस हसतो आणि कामाला लागतो. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगते, जी तुमच्या कुठल्याच चलनावर नसते : १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा करण्यासाठी हा कर महाराष्ट्रात लावला गेला. माझ्याकडे जत तालुक्यातून आलेल्या एक मावशी आहेत. त्यांच्या आईने त्या वर्षी खडी फोडलेली. त्या ऐकून म्हणाल्या, मग घ्या की, आमचंच होतं ते. कर समजला की तो बोचत नाही असे मी म्हणणार नाही, पण तो चोरीसारखा तरी वाटत नाही.

कपात समजावून सांगणे हे छोट्या मालकाचे किती मोठे काम आहे, याची कल्पना तुम्हाला यावी म्हणून एक हिशेब मांडते. समजा एका बाईचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिना १४,००० रुपये होतात. त्यातून भविष्य निधीचे १२ टक्के म्हणजे १,६८० आणि राज्य विम्याचे १०५ रुपये कापले जातात, व्यवसाय कर तिला नाही, म्हणून तिच्या हातात १२,२१५ रुपये पडतात. माझ्याकडून पगाराशिवाय भविष्य निधीत तितकेच १,६८० जातात, त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, पेन्शन योजनेत आणि उरलेले ५१४ तिच्या निधीत. ठेवीशी जोडलेल्या विम्याचे ७०, प्रशासकीय खर्चाचे ७० आणि राज्य विम्याचे ४५५. मिळून २,२७५. म्हणजे माझ्या खात्यातून तिच्यासाठी १६,२७५ रुपये निघतात आणि तिला १२,२१५ दिसतात. मधले ४,०६० रुपये कुठे गेले हे तिला पटवून देण्याचे काम माझे. त्यातले ३,३६० तिच्याच निधीत आणि पेन्शनमध्ये आहेत, उरलेल्यातले बहुतेक तिच्या विम्यात, हे मी कागदावर लिहून दाखवते. तरीही दर हंगामात नव्याने आलेली एखादी म्हणतेच, की ताई, आमचा फंड कापू नका, हातात किती पडणार तेवढं सांगा, शेजारच्या कारखान्यात पूर्ण देतात.

शेजारच्या कारखान्यात पूर्ण देतात, ते कसे, हेही तुम्हाला माहीत असणारच. मस्टरवर अठराच नावे ठेवायची. एकाच शेडमध्ये नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावे दोन फर्म दाखवायच्या, बिले वेगळी, कामगार तेच. पगाराचा काही भाग बँकेतून आणि काही रोख. मी या मार्गाने गेले नाही याचे कारण माझा विशेष सचोटीपणा नव्हे. ती थकबाकी भरल्यानंतर जाणकाराने मला १९५२ च्या कायद्यातले ते कलम दाखवले, ज्यानुसार वेगवेगळे विभाग आणि शाखा मिळून एकच आस्थापना धरली जाते, आणि दोन फर्मांची युक्ती तपासणीत टिकत नाही हे समजावले. हे शेजाऱ्यालाही कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे होते. पळवाटा काढणारे सगळे लबाड नसतात. पुष्कळांनी खर्चाचा आकडा कधी मांडूनच पाहिलेला नसतो आणि भीतीपोटी ते दार बंद ठेवतात.

गोंधळ वाढवणारी आणखी एक बाब म्हणजे पगार या एकाच शब्दाचे आजवर प्रत्येक कायद्यात राहिलेले वेगळे माप. भविष्य निधीसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता पाहायचा आणि १५,००० ही मर्यादा, जी सप्टेंबर २०१४ पासून आहे. राज्य विम्यासाठी २१,०००, आणि एखादा कामगार मध्येच त्या मर्यादेच्या वर गेला तरी एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा सहामाहीचा काळ संपेपर्यंत त्याची वर्गणी चालू ठेवायची. व्यवसाय करासाठी पुरुषाला ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २००. बोनसची पात्रता २१,००० पर्यंत, पण हिशेब ७,००० वर किंवा किमान वेतनावर, जे जास्त असेल त्यावर. आणि किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलणार, तोही परिमंडळानुसार. तो बदलला की वरचे सगळे आकडे पुन्हा मांडायचे. नोकरदार हिशेबनीस ठेवण्याची ऐपत नसलेल्या माणसाने हे रात्री जेवणानंतर बसून करायचे असते.

तारखा तर पाठच झाल्या आहेत. सात तारखेला उद्गम कर कपात (टीडीएस), पंधराला भविष्य निधी आणि राज्य विमा, वीसला किंवा तिमाही पद्धत घेतली असेल तर तिच्या तारखेला वस्तू व सेवा कर. यातली पंधरा तारीख सर्वांत कडक. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम ही मालकाची नसते, ती त्याच्याकडे ठेवलेली ठेव असते, असे कायदा धरतो. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल दिला की कापलेला वाटा ठरलेल्या तारखेनंतर भरला, तर आयकराच्या हिशेबात तो खर्च म्हणून मिळणार नाही, मग विवरणपत्र भरण्याआधी तो भरलेला असो वा नसो. आमच्या भागातल्या अनेकांना हा निकाल करनिर्धारणाच्या मागणीपत्रातूनच कळला. तत्त्व मला पटते. पण मी ज्यांना माल देते ते मोठे खरेदीदार साठ-साठ, नव्वद-नव्वद दिवस पैसे थकवतात, सूक्ष्म आणि लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असा २००६ चा कायदा असूनही. आणि त्या न आलेल्या पैशांवरचा वस्तू व सेवा कर मी बिल फाडल्यामुळे आधीच भरलेला असतो. पंधरा तारखेला चलन चुकते तेव्हा त्यामागे नेहमी अप्रामाणिकपणाच असतो असे तुम्ही मानू नये, इतकेच.

हे पत्र आताच लिहिण्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू केल्या आहेत. वेतनाची एकच व्याख्या त्यांत आली आहे : वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. माझ्यासारख्या ठिकाणी, जिथे पगार म्हणजे जवळजवळ किमान वेतनच असते, तिथे याने फारसा फरक पडणार नाही. पण काम सोडणाऱ्या कामगाराचा हिशेब दोन दिवसांत चुकता करण्याची तरतूद आमच्या सवयीला मोठा धक्का आहे, कारण इथे हंगामी बाईच्या अंगावर उचल असते आणि शेवटचा हिशेब महिनाअखेरीला बसून होतो. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हीही आम्हाला नवी गोष्ट. त्यात १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा, म्हणजे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांकही नवे. जुने पाठ झाले तोवर नवे आले. मागच्या वेळची चूक टाळायची असेल तर सांगण्याची वेळ हीच आहे.

तुमच्याकडे चांगल्या योजना आहेत आणि त्यांचीही हीच गत होते. राज्य विमा महामंडळाने जुलै २०२५ पासून, मागची थकबाकी न मागता नोंदणी करून घेण्याची योजना काढली. भविष्य निधी संघटनेने नोव्हेंबर २०२५ ते एप्रिल २०२६ अशी नावनोंदणी मोहीम ठेवली, जीत राहून गेलेल्या जुन्या कामगारांची नावे घालण्याची सोय दिली आणि त्यांचा वाटा कापला नसेल तर तो माफ केला. शेजारच्या शेडमधल्या ज्या माणसाला या मोहिमेची खरी गरज आहे, त्याने तिचे नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, आणि मला ते माझ्या जाणकाराने सांगितले. दंड टाळण्याची संधी ज्याला जाणकार परवडतो त्यालाच आधी मिळावी, हे तुमच्याही मनात नसणार.

म्हणून माझी विनंती अशी. उद्यम नोंदणीच्या किंवा शॉप ॲक्टच्या सूचनेच्या पावतीसोबत एक पान जावे. त्यावर अर्जदाराने स्वतः लिहिलेली कामगारसंख्या वर छापलेली असावी आणि खाली आज काय लागू आहे, पाचवर काय, दहावर काय, विसावर काय, हे दर, मर्यादा आणि तारखांसह असावे. त्यासाठी नवी माहिती गोळा करायला नको, आकडा तुमच्याकडे आहे. या पानावर ठळक अक्षरांत एवढे अवश्य असावे की संख्या मोजताना हंगामी आणि कंत्राटदाराकडची माणसेही धरली जातात, आणि संख्या पुन्हा घटली तरी भविष्य निधीची जबाबदारी संपत नाही. माझे चार लाख या दोन वाक्यांच्या अभावी गेले. मराठीचा आग्रह एवढ्यासाठी की हे पान मालकाने वाचून मग कामगाराच्या हाती द्यायचे आहे. आणि मराठी म्हणजे ज्यात कापायचे, भरायचे, मोजायचे असे शब्द आहेत ती. अधिसूचनेचे शब्दशः केलेले भाषांतर वाचण्यापेक्षा मला मूळ इंग्रजी सोपे वाटते, हे जरा लाजतच सांगते.

दुसरे असे की दर किंवा मर्यादा बदलली की ज्यांच्याकडे नोंदणी क्रमांक आहे त्या सर्वांना त्याच दिवशी मोबाइलवर दोन ओळींचा संदेश जावा. आठवणीचे संदेश पाठवण्याची यंत्रणा तुमच्याकडे आहेच. तिसरे, भविष्य निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात आपले शिबिर घेते. त्याच दिवशी त्याच मांडवात कामगार विभागाचा, व्यवसाय कराचा आणि राज्य विम्याचा एकेक माणूस बसला, तर गावाकडून आलेल्या मालकाची एक खेप पुरेल. जिल्हा उद्योग केंद्राची जागा त्यासाठी चांगली आहे. तिथे जाणाऱ्याच्या मनात मात्र अशी धास्ती नको की प्रश्न विचारला म्हणजे नोटीस लागली. पहिल्या सहा महिन्यांत कोणी स्वतःहून येऊन आपली चूक सांगितली, तर त्याच्याकडून देणे घ्यावे, व्याजही घ्यावे, पण त्याच दिवशी तपासणीचा शिक्का मारू नये, एवढा विश्वास तुम्ही देऊ शकलात तर मस्टरवरची अठरा नावे वीस होताना दिसतील.

मी माझ्यापुरते एक पान केले आहे. कांडपाच्या खोलीबाहेर, हजेरीच्या वहीच्या वर, हाताने लिहून चिकटवलेला तक्ता आहे : एक, पाच, दहा, वीस, कुणाचे किती कापायचे, आपण किती घालायचे, कोणत्या तारखेला. औद्योगिक वसाहतीतल्या सहा-सात जणांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून नेला आहे, आणि त्यात एखादी चूक असेल तर ती आता सात ठिकाणी गेली आहे, ही मला रोजची काळजी आहे. या पत्रासोबत त्याची प्रत जोडत आहे. आपल्यापैकी ज्यांच्या खात्याशी जी ओळ संबंधित आहे, ती त्यांनी तपासून, चुकली असल्यास लाल शाईने दुरुस्त करून, मार्चमध्ये मिरचीची पहिली गाडी उतरण्याआधी परत पाठवावी.

आपली,
चटणी-मसाल्याच्या कारखान्याची एक मालकीण,
कोल्हापूर जिल्हा